गंगूमावशीचे चार फुटके गर

मंडळी, आज सकाळी गावातल्या काजू कारखान्यात एका नव्या बाईला फुटके गर पदरात लपवताना पाहिलं.

१९६४ साली, मालवणजवळच्या कारखान्यात मीही तेच केलं होतं. गर अख्खे निघाले नाहीत तर काढून टाकतील, ही धास्ती.

काजूच्या टरफलातल्या तेलाने हात भाजू नयेत म्हणून आम्ही चौघी हाताला राख लावून एकत्र बसायचो. थोरल्या गंगूमावशीने माझा पदर पाहिला. चहाच्या वेळी ती म्हणाली, "आज माजे चार फुटले गो! हात जोरात पडलो."

दुसरी म्हणाली, "माजे सात." तिसरीने बी उभी कशी धरायची ते दाखवलं. मी हळूच पदर मोकळा केला.

संध्याकाळी मावशीचे गर पाहिले. सगळे अख्खे होते.

आज मी त्या बाईजवळ बसले, तिची लाकडी मोगरी घेतली आणि म्हाताऱ्या हातांनी काजू फोडले. म्हटलं, "माजे चार फुटले गो!" ती हसली. तिनेही पदर मोकळा केला.

मावशी खोटं बोलली होती. माझे खरंच फुटले.

तुमच्या पहिल्या नोकरीत तुमच्यासाठी असं खोटं कोण बोललं होतं?