वर्लीनचं खरं नाव

लोवेल प्रुएटचा धंदा बसला, तेव्हा आमच्या व्हॅलीत, म्हणजे त्या सिनेमांच्या खोऱ्यात, कुणाला नवल वाटलं नाही. ब्लू फिल्मवाल्या सगळ्यांचाच बसत होता. पूर्वी शूटिंगसाठी आमच्या गल्लीतले पोहण्याचे तलाव भाड्यानं जायचे, शेजारणी पडद्याआडून बघून नाकं मुरडायच्या आणि महिनाअखेरीला आपलाही तलाव द्यायला तयार व्हायच्या. आता त्या तलावांत पोरंबाळं पोहतात.

लोवेलचा राग फुकट्या साइटींवर. "माझा सिनेमा सकाळी दुकानात येतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत यांच्याकडे फुकट!" डोनटच्या दुकानात तो टेबल बडवून सांगायचा. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तिथंच फुकट बघत होते, त्यामुळे माना जोरात डोलायच्या.

आणि याच बाबानं त्या वसंतात गुपचूप काय करावं? जुन्या कॅसेटी काढल्या, तीन-तीन मिनिटांचे तुकडे कापले आणि स्वतःच्या हातानं त्याच साइटीवर चढवले. तुकडा बघून गिऱ्हाईक अख्खी डीव्हीडी मागेल, हा हिशेब. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! गिऱ्हाईक आलं नाही. तुकडे मात्र गावभर झाले.

तुकड्याखाली नटीचं नाव द्यावं लागतं. या धंद्याची रीत अशी, की खरं नाव दाराबाहेर ठेवायचं आणि आत धंद्याचं लावायचं. त्याच्या जुन्या सिनेमांतली वर्लीन स्ट्राउड सगळ्यांना 'जुनिपर' म्हणूनच ठाऊक. पण लोवेलनं तिला कितीदा घरी सोडलं होतं, तिच्या आईच्या अंत्यविधीला तिच्याशेजारी बसला होता. जुनिपर त्याला आठवावी लागली असती. वर्लीन आठवावी लागत नव्हती. बोटांनी 'वर्लीन स्ट्राउड' लिहिलं आणि डोळ्यांना ते खटकलंही नाही.

वर्लीन तो धंदा केव्हाच सोडून एका दंतवैद्याकडे स्वागताला बसत होती. कुणाच्या तरी नवऱ्यानं खुर्चीत वाट बघता बघता तिच्या छातीवरच्या बिल्ल्यातलं नाव फोनवर टाकून पाहिलं. सोमवारी डॉक्टर फार सभ्यपणे म्हणाले, "सध्या घरीच थांबा."

ती तडक लोवेलच्या अंगणात आली.

"लोवेल, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं. त्या तुकड्याला माझं खरं नाव लावणारा हा मेला कोण, ते शोधून दे. त्याच्या दातांचं मी बघते."

"फुकट्या साइटी गं. चोरच ते, कुणाचंही उचलतात."

"सिनेमा उचलला, कबूल. नाव कुठून उचललं? डब्यावर तर जुनिपर छापलंय."

लोवेल उठला आणि लिंबाच्या झाडाला पाणी घालू लागला. सकाळीच घातलं होतं.

"खाली बस. झाड बुडेल."

तो बसला. त्याच्या ओठांवर जुन्या कॅमेरामनचं नाव आलं होतं. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि मेलेला माणूस काही 'मी नव्हे' म्हणायला येत नाही. सोय उत्तम होती. पण वर्लीन त्याच्याकडे अशा भरवशानं बघत होती, की ते नाव त्यानं गिळून टाकलं.

"मी लिहिलं," तो म्हणाला.

"डूख धरून?"

"छे गं!"

"मग पैशासाठी?"

"तुकडा पैशासाठी. नाव... तुझं दुसरं नाव माझ्या डोक्यात नव्हतंच, वर्लीन."

तिनं झाडाखालच्या डबक्यातून पाय मागे घेतला. "म्हणजे तुझ्या मायेनं माझी नोकरी खाल्ली."

लोवेलनं आपला तुकडा तिथल्या तिथं काढला. पण त्याच्या नकला इतक्या ठिकाणी पसरल्या होत्या, की दळण सांडावं आणि वर पंखा लावावा, तसं झालं. तुकडा काढायला प्रत्येक साइटीला मालकानं खऱ्या नावानिशी, पत्त्यानिशी अर्ज करायचा, आणि काही साइटी तो अर्जच चारचौघांत टांगून ठेवतात. लोवेल धंद्यात 'रेक्स'. त्याची थोरली बहीण डोरिस फ्रेझ्नोच्या चर्चमध्ये अभिमानानं सांगायची, भाऊ लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्यानं अर्जाखाली 'रेक्स' लिहिलं.

"खोड ते," मागून वर्लीन म्हणाली.

"डोरिसला कळेल गं."

"कळू दे. माझं डॉक्टरांना कळलंच ना."

त्यानं खोडलं. लोवेल युजीन प्रुएट, असं पूर्ण लिहिलं, आणि आईनं ठेवलेलं ते नाव बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ज गेला, मग दुसरा, मग पुढचा. दिवेलागणीला एका साइटीनं तुकडा काढला. तोच तुकडा दुसरीवर उगवला, नावासकट.

वर्लीननं पर्स उचलली.

"सकाळी येते. कॉफी करून ठेव, पाणचट नको."

"येशील ना, वर्लीन?"

ती फाटकापाशी थांबली. "आणि हे बघ, यापुढे मला जुनिपर म्हणायचं. म्हणजे तुझ्या बोटांनाही तेच आठवेल."

लोवेलला तेही म्हणवेना. तो नुसता "हो" म्हणाला, आणि आत जाऊन पुढच्या अर्जाला लागला.