फिरत राहिलेली चकती

नोएडातला फ्लॅट आम्ही घेतला तो सासऱ्यांचं पुण्यातलं घर विकून. म्हणजे ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा परत जायला त्यांना घरच उरलं नव्हतं. त्यांना इथे करमलं पाहिजे याची मला धास्ती होती. काही हवंय का विचारलं की म्हणायचे, "मला काय लागतंय?" मीही समाधान मानायची.

पहिल्याच हिवाळ्यात, सकाळी गीझर लावला की जिन्याखालची आमची एमसीबी खटकन पडायला लागली. "ओव्हरलोड असेल," म्हणून नवरा ऑफिसला मोकळा. कसला डोंबलाचा ओव्हरलोड? एक गीझर, एक फ्रिज. माझा संशय वरच्या मजल्यावर होता. त्यांच्याकडे दर महिन्याला विजेच्या कुठल्यातरी वस्तूचं नवं खोकं उतरायचं. त्यांच्या मिस्तरीला मी आमच्या मीटरपाशी घुटमळताना पाहिलं होतं, आणि दुसऱ्याच्या तारेवर कटिया टाकून वीज ओढणं इकडे काही जगावेगळं नव्हतं. वरच्या भाभीजी जिन्यात गोड हसायच्या, तेही मला खटकायला लागलं.

एका सकाळी छडा लावायचं ठरवलं. घरातलं झाडून सगळं बंद केलं, फ्रिजची पिनसुद्धा काढली. राहिली बाबांची, म्हणजे सासऱ्यांची खोली. तिथे दार लावून जप चालू होता, आणि जपात त्यांना हाक मारायची नाही हा नियम माझ्या लग्नाआधीपासूनचा. त्या थंडीत जप लांबतच चालला होता. वय झालं की देवाची ओढ वाढते, असं मी समजत होते. त्यांच्या खोलीत दिवा नव्हता, एवढं फटीतून दिसलं. खाली जाऊन बघते तर मीटरची चकती गरगर फिरत होती.

तशीच वर गेले. "भाभीजी, हमारे मीटर से आपका क्या चल रहा है?"

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या, जिन्याकडे बघत राहिल्या. चोर सापडला म्हणून माझा आवाज आणखी चढला. तेवढ्यात खालून बाबा जिना चढत आले. अंगावर शाल, हातात हीटर.

"हा यांचा," ते मला म्हणाले. "तुला सांगू नका, असं मीच म्हटलं होतं. म्हटलं, उगाच तुम्हाला खर्चात कशाला घाला."

"अंकलजी धूप में बैठे भी काँपते थे," भाभीजी हळूच म्हणाल्या.

मला बाबांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. भाभीजींची माफी मागितली, पण नजर काही वर होईना.

त्याच दिवशी नवा हीटर आणला. आंघोळी आटपून गीझर बंद झाला की तो लावायचा, असं ठरलं. एमसीबी पुन्हा पडली नाही. जपही पूर्वीसारखा लवकर आटपायला लागला.

पण ज्यांचं घर विकून हे घर झालं, ते त्यानंतरही रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मला विचारायचे, "लावू का गं?"