शेवटी उचलणारा

मुकुंद गेला त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही डोंबिवलीतच त्याच्या घरी गेलो होतो. फाल्गुन संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. मागच्या ओट्यावर बसून त्याने कलिंगड कापलं. सुरी घालण्याआधी तो फळ दोन-तीनदा हातात फिरवून बघायचा, एखाद्या जमिनीची पाहणी करावी तसा. मग फोडी ताटात मांडून त्याने ताट माझ्यापुढे, माझ्या बायकोपुढे, इंदूपुढे आणि त्याच्या लेकीपुढे, नंदापुढे फिरवलं. देठाकडची, निम्मी पांढरी फोड उरली ती त्याने घेतली. ‘‘गोड आहे,’’ म्हणाला. इंदू म्हणाली, ‘‘तुम्हाला काय, दुधी दिला तरी गोडच लागेल.’’ गुरुवारी दुपारी ऑफिसात शिपाई सांगत आला की ठाण्याहून फोन आहे... मुकुंद कचेरीत नकाशांच्या टेबलाशी उभा असताना कोसळला होता आणि डॉक्टर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला चाळीस पुरी व्हायला अजून काही महिने होते. आता सव्वा महिना झाला. त्याच्याविषयी लिहायला बसलो की मला सगळ्यात आधी ती पांढरी फोड आठवते.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एकाच गल्लीत आमची घरं. पुढे माझ्या धाकट्या बहिणीशी, इंदूशी, त्याचं लग्न झालं तेव्हा आईने मला बजावलं, ‘‘आता त्यांना मुकुंदराव म्हणायचं हो.’’ चारचौघांत मी म्हणतही असे. एरवी तो मला भाल्या म्हणे आणि मी त्याला मुक्या. मी मुंबईत एका कंपनीच्या हिशेब खात्यात चिकटलो. तो पुण्याहून इंजिनिअर होऊन ठाण्यात सरकारी नोकरीला लागला. माझ्या आणि त्याच्या स्वभावात मोठा फरक होता. मला आकडा जुळला की झोप येते. त्याला आकडा जुळला की संशय येई.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत निर्वासितांची छावणी झाली. मुकुंदला तिथे काही महिने पाणीपुरवठ्याच्या कामावर पाठवलं होतं. एका संध्याकाळी तो परस्पर आमच्याकडे आला आणि चहा समोर ठेवला तरी कपाला हात न लावता बसून राहिला. मग म्हणाला, ‘‘भाल्या, सगळे नळ बराकींच्या एका टोकाला लावलेत. दुसऱ्या टोकाच्या बायकांचा अर्धा दिवस घागरी वाहण्यात जातो.’’ मी विचारलं, असं का केलं. ‘‘पाइप कमी लागतो म्हणून.’’ मी म्हणालो, ‘‘मग खर्च वाचला की.’’ तो म्हणाला, ‘‘वाचला ना. तुझ्या वहीत वाचला, त्यांच्या मानेवर चढला. ज्याने नकाशा काढला त्याला तिथे पाणी भरायचं नव्हतं, एवढीच गोष्ट आहे.’’ ती गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. पुढे सात-आठ वर्षांनी, पस्तिशीला आलेला असताना, एका मुलीचा बाप असताना, त्याने नगर आणि प्रादेशिक नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला तेव्हा मला ते नळच आठवले.

हे शिक्षण आपल्याकडे तेव्हा नवंच होतं आणि त्यासाठी दिल्लीला राहावं लागणार होतं. कचेरीने कमी पगारावर रजा दिली. इंदू आणि नंदा आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. नातेवाइकांनी विचारायचं ते विचारून घेतलं... इंजिनिअर झालाय, साहेब व्हायच्या वयात पुन्हा पाटी-पेन्सिल कशाला? मीही एकदा विचारलं, ‘‘घरं, रस्ते बांधायला तू शिकलास. आता आणखी काय शिकणार?’’ तो म्हणाला, ‘‘कसं बांधायचं ते शिकलो. कुठे बांधायचं आणि कोणासाठी, ते कोणी शिकवलंच नाही.’’ इंदू आतून म्हणाली, ‘‘जाऊ दे रे त्यांना, दादा. नाहीतर इथे बसून रोज माझी मांडणी हलवतील.’’ हे खरं होतं. पिठाचा डबा चुलीपासून लांब का, यावर तो तिच्याशी वाद घालू शकत असे.

पहिल्या वर्षाच्या सुटीत तो आला तो ट्रेसिंग कागदांची गुंडाळी घेऊनच. मी विचारलं, नगर समजलं, पण हे ‘प्रादेशिक’ नियोजन काय असतं? त्याने एक कागद जमिनीवर पसरला, मधे माझ्या बायकोचं स्वयंपाकघर म्हणून एक चौकोन काढला आणि तिलाच विचारायला लागला. दूध कुठून येतं? भाजीवाली कुठल्या गावची? तिने भाजीवालीचं गाव आंबिवलीच्या पलीकडचं सांगितलं. मग तांदूळ, कोळसा, मीठ, सरपण... प्रत्येक उत्तराची एक रेघ चौकोनातून बाहेर गेली. अर्ध्या तासात ठाणे, कल्याण, खाडी, मिठागरं, घाटापर्यंतचा मुलूख कागदावर उतरला. ‘‘वहिनी, हा तुमच्या स्वयंपाकघराचा प्रदेश,’’ तो म्हणाला. ‘‘आंबिवलीकडे कारखाने उभे राहताहेत. भाजीवालीचं शेत उद्या कारखान्यात गेलं की तुमच्या भाजीची फोडणी बदलणार.’’ बायको म्हणाली, ‘‘ते उद्याचं उद्या. आधी तो कागद उचला, मला पानं घ्यायचीत.’’

त्याच सुटीत ती जमिनीची गोष्ट घडली. आमच्या ऑफिसातल्या काही जणांनी मिळून एक छोटी गृहनिर्माण संस्था काढली होती. मुंबईत जागा मिळत नव्हती आणि डोंबिवलीत स्टेशनापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर भाताची खाचरं विकायला निघाली होती. वीज नव्हती, पाणी विहिरीचं, आणि संध्याकाळी कंदील घेतल्याशिवाय कोणी बाहेर पडत नसे. मुकुंद धरून आम्ही अकरा सभासद होतो, मी चिटणीस. मुकुंदला अभ्यासासाठी एका प्रत्यक्ष जागेची आखणी करायची होती. त्याने आमची जमीन मागितली. आमचे सगळ्यांत ज्येष्ठ सभासद तात्या लेले. हेडक्लार्क, आणि जीभ तिखट. ते सभेत म्हणाले, ‘‘भालचंद्रपंत चिटणीस, नकाशा त्यांच्या मेहुण्यांचा. मग विहिरीजवळचा प्लॉट कोणाला मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.’’ मला राग आला. मुकुंद हसला. तात्या पुढे म्हणाले, ‘‘आमच्या गावी फणस कापतो त्याने गरे शेवटी उचलायचे, अशी रीत आहे. म्हणजे वाटे सारखे पडतात.’’ ‘‘तात्या, ठरलं,’’ मुकुंद म्हणाला. ‘‘मी आखतो. तुम्ही दहा जण चिठ्ठ्या टाकून क्रम लावा आणि आपापला प्लॉट निवडा. उरेल तो माझा.’’

त्याची आखणी मी पाहिली आणि मला घाम फुटला. त्याने अकरा प्लॉट कडेकडेने मांडले होते आणि मधोमध एक मोठं मैदान मोकळं सोडलं होतं. सगळ्या घरांची मागची दारं त्या मैदानाकडे. कागदावर फार छान दिसत होतं. पण जमिनीचा एक कोपरा ओढ्याला लागून खोलगट होता आणि अकरावा प्लॉट नेमका तिथे पडत होता. तो कोणीही निवडणार नाही, हे कळायला शिक्षण लागत नव्हतं. मी रात्रभर विचार करून सकाळी त्याला सरळ सांगितलं, ‘‘मैदान त्या खोलगट कोपऱ्यात ने. मधल्या कोरड्या जमिनीत अकरावा प्लॉट बसतो, मी क्षेत्रफळ काढून पाहिलंय. कोणाची जागा कमी होत नाही. तुझा शब्दही मोडत नाही, तू शेवटीच उचलशील.’’ तो म्हणाला, ‘‘हिशेब बरोबर आहे तुझा.’’ दोन दिवस त्याने खरोखरच कागदावर कागद ठेवून तसं आखून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो कागद गुंडाळून ठेवला.

‘‘उरलीसुरली जागा मैदान म्हणून सोडली की तिचा उकिरडा होतो, भाल्या. कोपऱ्यात कोण बघणार? मधे असलं, दहा घरांतून बायका बघत असल्या, तर पोरं तिथे खेळतील.’’

‘‘दहा घरांतून? अकरावं तुझं. तिथे माझी बहीण राहणार आहे. पावसाळ्यात चारी बाजूंना पाणी असेल.’’

तो म्हणाला, ‘‘तिला विचारू या.’’ इंदू तांदूळ निवडत होती. त्याने तिला दोन्ही कागद दाखवले, काही न लपवता. तिने दोन्ही पाहिले, खोलगट कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘इथे जोतं किती उंच घ्याल?’’

‘‘कमरेएवढं.’’

‘‘छातीएवढं घ्या,’’ ती म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

निवडीच्या दिवशी त्याने सगळी आखणी जमिनीवर फक्कीने मारून ठेवली होती. माणसं पांढऱ्या रेघांच्या आत उभी राहून ‘इथे माझी पडवी, इथे न्हाणीघर’ करत होती. मला चौथा नंबर आला. मी विहिरीपासून दुसरा प्लॉट घेतला. तात्यांचा नंबर दहावा. त्यांच्यापुढे दोनच प्लॉट उरले होते, एक बरा आणि एक ओढ्याचा. तात्या बराच वेळ उभे राहिले. मुकुंद त्यांना म्हणाला, ‘‘घ्या तात्या, फणस मी कापलाय.’’ तात्यांनी बरा प्लॉट घेतला, पण त्या दिवसानंतर मुकुंदला टोमणा मारलेला मी ऐकला नाही.

दिल्लीत शेवटच्या तोंडी परीक्षेला त्याने हाच नकाशा भिंतीवर लावला होता. परीक्षकांपैकी एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, हा ओढ्याकाठचा प्लॉट तुम्ही कोणाच्या गळ्यात घालणार? ‘‘मी म्हणालो, तो माझा आहे,’’ मुकुंद सांगत होता. ‘‘मग?’’ मी विचारलं. ‘‘मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या कागदावर गेले.’’ तो पास झाला. चांगला पास झाला.

घर झालं. जोतं छातीएवढं, दाराला उंच पायऱ्या. मुकुंद त्या घरात दोन पावसाळे राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं. पण आत आलं नाही. इंदू पदर खोचून दारात उभी होती. मी गुडघाभर पाण्यातून गेलो तर म्हणाली, ‘‘ये दादा. बेडकांची ग्रामपंचायत भरलीय माझ्या दारात, आणि सरपंच तुझे मेहुणे.’’ मुकुंद काठीने पाण्याची खोली मोजत होता. त्याच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने मला हळूच विचारलं, ‘‘चूक केली का रे मी?’’ मी खरं तेच सांगितलं, की मला अजून माहीत नाही. मागच्या बाजूला मैदान उंचावर होतं, तिथलं पाणी वाहून गेलं होतं आणि सगळ्या घरांची पोरं चिखलात लोळत होती. त्यांत माझी दोन होती.

तेरावा झाल्यावर आठवड्याने संस्थेची सभा भरली. तात्यांनीच विषय काढला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाले, मैदानाच्या वरच्या अंगाला एक प्लॉट काढावा आणि तो इंदूताईंना द्यावा. खालच्या घराच्या विटा, कौलं, दारं तिकडे लावता येतील, मजुरी सगळ्यांनी वाटून घ्यावी. एकाही सभासदाने हरकत घेतली नाही. मी चिटणीस म्हणून माप काढून आणलं होतं. मैदानाचा सहावा हिस्सा जात होता, पाच राहत होते. पावसाळा दोन महिन्यांवर आला होता आणि माझी विधवा बहीण दहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्या कोपऱ्यात एकटी राहणार होती. मला तो ठराव हवा होता.

आम्ही दोघे इंदूकडे गेलो. तात्या पायरीवरच बसले, आत येईनात. इंदूने सगळं ऐकून घेतलं. डोळे भरून आले होते तिचे. मग ती म्हणाली, ‘‘तात्या, तुम्ही सगळ्यांनी मनात आणलंत, ते मला पोचलं. पण आज माझ्यासाठी एक तुकडा काढलात की उद्या आणखी कोणाची अडचण निघेल. पुन्हा वाटणी करावी लागेल. आणि शेवटी उचलायला आता कोण आहे?’’

मी मापाचा कागद खिशातून काढलाच नाही.

थोड्या वेळाने इंदूने नंदाला हाक मारून, घरात कलिंगड आहे, ते आण म्हणून सांगितलं. नंदाने ते मागच्या ओट्यावर नेलं. मैदानात पोरांचा आरडाओरडा चालला होता. तिने फळ हातात दोन-तीनदा फिरवून पाहिलं, मग सुरी घातली. फोडी ताटात मांडून तिने ताट तात्यांपुढे धरलं, मग माझ्यापुढे, मग आईपुढे. देठाकडची पांढरी फोड उरली. मी ती उचलायला हात पुढे केला तर म्हणाली, ‘‘नाही मामा, ती माझी. कापलं मी ना?’’