जमुनाताईंचं अनुमोदन

गाडीच्या काचेवर चिकटवलेली नोटीस जमुनाताईंनी फाडली नाही. ब्लेडने कडा सोडवून ती अख्खी काढली आणि घरी फ्रिजवर लावली. ‘बेवारस वाहन. त्वरित हटवावे.’ खाली सोसायटीचे सेक्रेटरी अभय यांची सही.

जमुनाताई जुईनगरच्या या इमारतीत अठरा वर्षं राहतात. करंजा बंदरातली मासळी खारघरच्या घरोघरी पोचवणं हा त्यांचा धंदा, आणि तो या गाडीवर चालतो. त्यांचा पाय मोडल्यामुळे गाडी दोन महिने उभी राहिली, बॅटरी उतरली. पाच मिनिटं तुमच्या गाडीला केबल जोडू द्या, एवढंच त्यांनी अभयला विचारलं होतं.

“नको ताई, माझ्या गाडीलापण वास लागेल,” तो चारचौघांत म्हणाला. कोण कोण हसलं, ते ताईंनी लक्षात ठेवलं.

मग त्याने रविवारच्या सभेसाठी ठराव काढला. महिनाभर बंद असलेली गाडी मालकाने सभेसमोर सुरू करून दाखवावी. न झाल्यास पार्किंगची जागा जाईल. रोख कुणावर होता, ते वॉचमनलाही कळलं.

ताईंनी मात्र ठराव वाचून पार्किंगमध्ये एक चक्कर मारली. अभयची दुसरी गाडी चंदेरी कव्हराखाली असायची. वीकेंडला काढतो, असं तो सांगे. तिचे टायर जमिनीला चपटे झाले होते. चाकापासून खांबापर्यंत कोळ्याचं जाळं होतं.

जासई गावचा भाचा धनेश ट्रेलर दुरुस्त करतो. नवी बॅटरी त्याने घरी आणून दिली.

“मी बसवतो ना, आत्ये.”

“नको. तुला बघतील. मना सांग फक्त.”

“काली वायर पयली सोर. लाल पयली सोरलीस न पाना बॉडीला लागला, तं ठिनगी उरल. बसवताना उलटं. लाल पयली, काली शेवटी.”

शनिवारी दुपारी ताईंनी बॅटरी चाकांच्या बर्फपेटीत घालून खाली नेली. लिफ्टमध्ये अभय भेटला. पेटी बघून त्याने नाकाला रुमाल लावला. आत काय आहे, ते त्याने विचारलं नाही.

दहा नंबरच्या पान्याने त्यांनी जुनी बॅटरी सोडवली, टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुऊन पुसला, नवी बसवली. किल्ली अर्धीच फिरवली. दिवे लागले. पुढे फिरवली असती, तर आवाज झाला असता. इंजिन पेटेल की नाही, ते न बघताच त्यांनी बॉनेट लावलं.

रविवारी पार्किंगमध्येच खुर्च्या मांडून सभा भरली. अभयने ठराव वाचला. “अनुमोदक कोण?”

“मी,” जमुनाताई म्हणाल्या.

“ताई, नीट वाचलंत ना?”

“दोनदा वाचलं. लिहा नाव.”

ठराव एकमताने मंजूर झाला. ताई गाडीत बसल्या. पहिल्यांदा इंजिन नुसतंच कण्हलं. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. दुसऱ्यांदा पेटलं. ताईंनी ते मिनिटभर तसंच चालू ठेवलं, मग उतरल्या आणि पिशवीतून फ्रिजवरची नोटीस काढून चंदेरी कव्हरावर ठेवली.

“आता ही. किल्ली आणा, अभयभाऊ.”

“तिची जरा... बॅटरी उतरलीय.”

“पाना देऊ?”

बॅटरी नव्हे, इंजिनच गेलेलं होतं. जागा गेली. पंधरवड्याने क्रेन आली, तेव्हा वळायला तिला वाव नव्हता. अभय घामाघूम होऊन गाड्यांमधली अंतरं बघत होता. जमुनाताई खाली आल्या, एका सेल्फमध्ये गाडी सुरू केली आणि क्रेनला जागा करून दिली.