बाबांची दुपारची नाडी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. आजचं काम — बाबांचं घड्याळ नव्या फोनला जोडणे.

काम साधं आहे. बाबांकडे माझा जुना फोन होता, त्याची बॅटरी फुगली आणि मागचं झाकण उचललं गेलं. नवा घेतला. फोन आणि घड्याळ दोन्ही काल डोंबिवलीहून ठाण्याला, माझ्या नौपाड्याच्या घरी घेऊन आले, कारण अशी कामं मला माझ्या टेबलावर, चष्मा लावून, एकटीने करायला आवडतात. ब्लूटूथ चालू करायचं, घड्याळावरचा आकडा फोनवरच्या आकड्याशी जुळतो का बघायचं, मग व्यायामाचं ॲप घ्यायचं आणि माझ्याच खात्याने उघडायचं. ते विचारतं — जुनी माहिती परत आणू का? मी विचार न करता हो दाबलं. चक्र गोल फिरायला लागलं.

ते फिरत असतानाच शेजारच्यांच्या फोनवरून बाबांचा फोन आला. घड्याळ झालं का गं, म्हणाले. कालपासून नाडी बघितलेली नाही.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या हृदयाला काहीही झालेलं नाही. आणि हे त्यांना माहीत नाही. — का माहीत नाही, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नाशिकच्या भावाला नाही. तुम्हाला सांगते. पण जरा लांबून यावं लागेल, सरळ यायला मला जमत नाहीये.

माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. लहान, स्टेशनपासून चालत येण्यासारखी. काउंटरवर नवीन मुलगी आली की पहिल्याच दिवशी मी दोन गोष्टी सांगते. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात. आणि आकडा म्हणजे आकडा. एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी तिची साखर रिपोर्टमध्ये थोडी कमी दाखवा म्हणून हात जोडत होते. त्यांना मी चहा पाजला आणि दार दाखवलं. ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. अभिमानाने. दुसरी नाही सांगितली.

चार वर्षं होत आली. आई जाऊन बरेच महिने झाले होते आणि बाबा डोंबिवलीत एकटे होते. एकदा त्यांना न्हाणीघरात चक्कर आली. सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. तरी मला काळजी — की सोय? — म्हणून मी घड्याळ आणलं. त्यांना सांगितलं, तुमची नाडी मला ठाण्यात दिसेल. बरं, म्हणाले, आणि रक्त द्यायला करतात तसा हात पुढे केला. नकाशाही दिसेल हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, हे खरं. पण असं काही असतं हे ज्याला माहीतच नाही, तो विचारणार काय?

हे ॲप माणूस चालायला लागला की आपण होऊन ओळखतं आणि त्याला व्यायाम म्हणतं. कुठून कुठे गेला त्याची निळी रेघ काढतं. सुरुवातीला बाबांच्या रेघा अगदी अपेक्षित होत्या — दूध, भाजी, वाचनालय. मग आठवड्यातल्या दोन-तीन दुपारी वेगळंच दिसायला लागलं. एक रेघ घरापासून डोंबिवली स्टेशनपर्यंत. दुसरी विठ्ठलवाडी स्टेशनपासून एका गल्लीपर्यंत. तिथे ती संपायची. मग दुपार उतरेपर्यंत काही नाही. मग त्याच गल्लीतून परत.

विठ्ठलवाडीत आमचं कोणी नाही. मग काय असेल? मठ? पत्त्यांचा अड्डा? जडीबुटीवाला? त्या मोकळ्या वेळात रेघ नव्हती, पण नाडी दिसत होती. आणि ती खाली असायची. घरी टीव्हीसमोर बसतात तेव्हापेक्षाही खाली आणि सरळ, झोपलेल्या माणसासारखी. पण झोप नव्हे, कारण हात हलत असल्याचं घड्याळ नोंदवत होतं. माणूस बसलेला, हात चालू, नाडी शांत. असं काय करत असतील?

मला मजा येत होती. हे सांगितलंच पाहिजे. मी रोज संध्याकाळी लॅब आवरली की बाबांची दुपार उघडून बसायचे, लोक मालिका बघतात तशी. फोन करून विचारणं किती सोपं होतं. बाबा, दुपारी कुठे जाता? नाही विचारलं. विचारलं असतं तर बघणं संपलं असतं.

मे महिन्यात मी गेले. कल्याणच्या एका दवाखान्यातून आमच्याकडे तपासणीला रक्त येतं; तिथलं काहीतरी काम काढलं आणि रिक्षाने विठ्ठलवाडीला उतरले. फोन हातात धरून बाबांच्या निळ्या रेघेवरून चालत गेले — बापाच्या मागे, बाप पुढे नसताना.

गल्लीत एका घरासमोर खाटेवर जुनी साडी अंथरून पापड वाळत घातले होते. दार उघडं. आत ओळखीची बाई पापड लाटत होती. कमलाभाभी. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात टूलरूममध्ये, साचे-हत्यारं घडवायच्या खात्यात होते, तिथल्या त्यांच्या सिंधी मित्राची बायको. तो मित्र जाऊन बरीच वर्षं झाली. ती घरी पापड-लोणची करून विकते हे मला ऐकून माहीत होतं. आणि दाराशी पाटावर माझे बाबा. पुढ्यात उडदाच्या पिठाची लांब वळी, आणि बाबा दोऱ्याने तिच्या लाट्या कापत होते. एकसारख्या, टूलरूमच्या मापाने. ती लाटता लाटता काहीतरी म्हणाली. बाबा हसले. काय म्हणाली ते रस्त्यापलीकडे ऐकू आलं नाही.

आमच्या घरी दर उन्हाळ्यात आई पापड करायची. बाबा पेपर वाचत बसायचे. आई ताट घेऊन जवळ आली की पाय वर उचलायचे, तिला जाता यावं म्हणून. तेवढीच मदत.

समोरच्या दुकानात मी थंडगार सोडा घेतला, संपवला आणि परत आले. त्यांनी मला पाहिलं नाही. राग आला होता. आईच्या वतीने आला, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण पाय उचलण्यावरून आई कधी चिडलेली मला आठवत नाही. मग कोणाच्या वतीने? बाबा तिथे सुखात होते. आणि ते मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या मनगटावरून कळलं होतं. — असू दे. हेही कारण सांगणंच झालं.

आता ते सांगते.

पुढच्या रविवारी डोंबिवलीला गेले. बाबांना फोनवर आलेख दाखवला. स्टेशनचा पूल चढतानाचा तुकडा होता तो, कोणाचीही नाडी वाढेल असा. मी म्हणाले, बाबा, तुमची दुपारची नाडी बघा कशी उडते. हे बरं नाही. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "म्हणजे बसल्यावरसुद्धा?"

नाही म्हणायला जागा होती. त्यांनी स्वतःच ती करून दिली होती. मी म्हणाले, "हो. बसल्यावरसुद्धा."

बाबांनी चष्मा काढून पुसला. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. कुठे बसल्यावर, असं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुपारचं बाहेर जाणं बंद करा, एवढं मी म्हणाले; डॉक्टरकडे जायची सध्या गरज नाही. ते बरं म्हणाले. माझ्या लॅबवर त्यांचा फार विश्वास.

ते थांबले कशामुळे, हे मला अजून कळलेलं नाही. आजाराला घाबरून? की कमलाभाभीसमोर बसल्यावर आपली नाडी उडते, आणि ते आपल्या मुलीला दिसतं, या लाजेने? साडेतीन वर्षं मला हा प्रश्न पडतो आहे आणि मी तो कुतूहल म्हणून बाळगला आहे, जणू दुसऱ्याच कोणी केलेलं काही बघते आहे.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी कारखान्यातले एक जुने सोबती पापडांचं पुडकं घेऊन आले. भाभींनी विचारलंय, "भाईसाब नाराज हैं क्या?" मी तिथेच होते. तब्येत बरी नसते सांगा, म्हणाले बाबा, आणि पुडकं माझ्याकडे दिलं. आम्ही ते पापड तळून खाल्ले. चांगले होते.

त्यानंतर बाबांना सवय लागली. बसले की उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर. बोलताना, जेवायच्या आधी, देवासमोर. भावाने एकदा त्यांचा ईसीजी करून घेतला, तो स्वच्छ निघाला. तेव्हा बाबा त्याला म्हणाले, ईसीजी तेवढ्यापुरता असतो रे, घड्याळ दिवसभर बघतं. ते वाक्य माझं. मीच त्यांना शिकवलं होतं.

दुपारपर्यंत ॲपने सगळी माहिती आणली. मागे जाऊन बघायची सोय पहिल्यापासून होती; मी कधी गेले नव्हते. आज महिन्यामागून महिना सरकवत गेले. त्या मेपर्यंत नकाशावर रेघा विठ्ठलवाडीपर्यंत जातात. जूनपासून स्टेशनपर्यंतही नाहीत. मग वाचनालयापर्यंत नाहीत. या वर्षीच्या रेघा बाबांच्या इमारतीभोवती गोळा झाल्या आहेत, पेन चालतं का बघायला कागदावर गिरवावं तशा. नाडी मात्र घरीच बसून वर चढलेली. थोडीच, तपासायला आली तर मी शेरा मारणार नाही एवढी. पण त्या दुपारांसारखी खाली ती पुन्हा एकदाही गेलेली नाही.

संध्याकाळी बाबांचा परत फोन. "झालं का गं?"

झालं, म्हटलं. उद्या आणते.

इथवर रविवारी लिहिलं. पुढचं सोमवारचं.

सकाळी लॅब मुलींवर सोपवून डोंबिवलीला गेले. बाबांनी चहा केला. बोटं मनगटावर ठेवूनच समोर बसले. मी घड्याळ टेबलावर ठेवलं, नवा फोन उघडला आणि त्या मे महिन्यातली एक दुपार दाखवली. हा पूल, हे स्टेशन, ही गल्ली, आणि हे तुम्ही बसलेले. मी तेव्हा तुम्हाला खोटं सांगितलं, असं म्हणाले. तुम्हाला काही झालेलं नाही, तेव्हाही नव्हतं. मी तिथे येऊन बघून गेले होते. तेही सांगितलं.

बाबा आलेखावर बोट ठेवून होते. "बसल्यावर किती असायची?"

"घरी असते त्याहून कमी."

"कमी?"

"कमी."

त्यांनी चहा संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लॅबमध्ये पण असंच करतेस का गं?"

नाही, म्हणाले मी.

"मग बरं."

त्यांच्यासमोरच माझं खातं नव्या फोनवरून काढलं आणि त्यांच्या नंबरावर त्यांचं उघडून दिलं. आता तुमचं तुम्हालाच दिसेल, म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. ते आतल्या खोलीत गेले होते. बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातलेला होता आणि हातात कापडी पिशवी. घड्याळ टेबलावर तसंच. फोनही तिथेच. मी घड्याळ उचलून पुढे केलं, त्यांनी ते बघितलं आणि चपला पायात सरकवल्या.

"जेवायला माझी वाट बघू नकोस," म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

कमलाभाभी अजून त्या गल्लीत राहते का, मला माहीत नाही. हयात आहे की नाही, तेही नाही. साडेतीन वर्षांत शोधून काढणं माझ्या हातात होतं. बाबा तिकडेच गेले की वाचनालयात, की नुसते मला टाळायला खाली उतरले — तेही मला माहीत नाही. आमच्या गॅलरीतून रस्ता दिसतो. उजवीकडे वळलं की स्टेशन, डावीकडे बाजार. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, मग फाटकाची कडी वाजली.

मी परत टेबलावर ठेवलेल्या घड्याळाचा हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकला, नाडी मिळाली नाही तशी विझला. मी दोन्ही कप उचलले आणि मोरीत धुतले. गॅलरीत गेले नाही.