इयत्ता नसलेली मुलगी

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू झाल्या की ते सायकलवर टांग मारून निघायचे आणि आईबापांबरोबर भट्टीवर आलेली मुलं शोधून शाळेत आणायचे. कुणी मूल पाठवायला तयार नसेल तर तिथंच विटांच्या ढिगावर बसून राहायचे. खालापूर तालुक्यातल्या कितीतरी भट्टीवाल्यांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावायचा प्रयत्न केला. ते चहा प्यायचे आणि बसून राहायचे. अशा माणसाच्या नातीला मी पहिलीनंतर शाळेतून काढलं. हे फोनवर सांगायचं नाही, माहेरी जाऊन तोंडावर सांगायचं, एवढं मी ठरवलं होतं. बोलणी खायचीच आहेत तर समोर बसून खावीत.

बाबांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "माझा बाप शाळेच्या पायरीवर बसून शिकला. मी वर्गात बसलो, पण सगळ्यांच्या मागे. तू पहिल्या बाकावर बसलीस. आता ही कुठं बसणार? ओहोळात?"

खरं सांगायचं तर उत्तर 'हो' असंच होतं. माझी मुलगी जागेपणीचा निम्मा वेळ आमच्या घरामागच्या ओहोळातच बसलेली असते. पण तेव्हा ते बोलण्याची वेळ नव्हती. मी खाली मान घालून चहा संपवला आणि निघाले. दारापर्यंत पोचवायला ते आले नाहीत. असं पहिल्यांदाच झालं.

मुलीला वेड आहे मुठ्यांचं. मुठे म्हणजे आमच्याकडचे गोड्या पाण्यातले खेकडे, ओहोळातल्या दगडांखाली नाहीतर भातशेतीच्या बांधात बिळं करून राहणारे. हे वेड तिला लावलं कुणी, तर बाबांनीच. चार वर्षांची असताना ती पावसाळ्यात त्यांच्याकडे राहिली होती. मुठा मागून धरायचा, पाठीवर दोन बोटं ठेवून, म्हणजे नांगी पोचत नाही, हे त्यांनी तिला दाखवलं. त्यांच्या हिशेबी ती गंमत होती. पोरगी घरी आली ती दुसरं काही बोलेचना. मुठा झोपतो का? त्याचे डोळे दांडीवर का? एक नांगी मोठी आणि एक लहान का? आम्हाला वाटलं, महिनाभर चालेल आणि विसरेल. तीन वर्षं झाली.

शाळेत काही मोठं घडलं नाही. वर्गात प्राण्यांचा तक्ता लावला होता आणि त्यातला खेकडा लालभडक होता. ही उभी राहून म्हणाली, "बाई, तो शिजवलाय." वर्ग हसला, बाईही हसल्या. बाई वाईट नव्हत्या. एवढ्या पोरांमध्ये एका खेकड्याच्या रंगासाठी थांबायला त्यांना सवड नव्हती, इतकंच. पण ही त्यानंतर वर्गात गप्प झाली. मग सकाळी पोट दुखायला लागलं, ते फक्त रविवारी थांबायचं. या युक्त्या मीही लहानपणी केल्या होत्या, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पुढे तिनं घरीही प्रश्न विचारणं बंद केलं. ओहोळाकडे जायचं का म्हटलं तर "नको" म्हणायला लागली. तेव्हा मात्र मी घाबरले.

नवरा खोपोलीकडच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. त्याचं बोलणं नेहमी दोन वाक्यांचं असतं. म्हणाला, "काढ शाळेतून. एक वर्ष बघू." लोक म्हणतात हे आम्ही फार विचार करून केलं. विचार नंतर केला. आधी काढलं.

मी कळंबजवळच्या एका रिसॉर्टच्या ऑफिसात दुपारी जाते. त्यामुळे सकाळ माझी, संध्याकाळ नवऱ्याची पाळी असेल तशी, आणि मधली दुपार सासूबाईंची. आमच्याकडे वेळापत्रक नाही. सकाळी भाकऱ्या झाल्या की मी तिच्याबरोबर ओहोळावर जाते. ती दगड उचलते, खाली बघते आणि दगड होता तसा परत ठेवते. दगड परत ठेवण्याबद्दल ती फार कडक आहे. एकदा मी उलटा ठेवला तर मला परत पाठवलं. माझ्या शिवणाच्या टेपनं ती मुठ्याची पाठ मोजते. त्या टेपवरच्या बारीक रेघा तिला कुणी शिकवल्या नाहीत. कालचा मुठा आजच्यापेक्षा मोठा होता का, हे तिला कळायला हवं होतं, म्हणून त्या तिनं माझ्याकडून वदवून घेतल्या. डाव्या नांगीचे जास्त की उजव्या नांगीचे, यावर आमच्याकडे जेवणात वाद होतात. मी खूपदा सांगते, "मला माहीत नाही." पहिलीत तिचा अभ्यास घेताना हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. आता दिवसातून कितीदा तरी उच्चारते आणि त्यानं माझं काही बिघडलेलं नाही.

एकदा तिला दगडाखाली मुठ्याचं रिकामं कवच मिळालं. मेला म्हणून तिनं तोंड पाडलं. मग शेजारचा दगड उचलला तर तिथं तोच मुठा बसलेला, मऊ, नवा. साप कात टाकतो तसा हाही अंगावरचं उतरवून ठेवतो हे आम्हा दोघींना तेव्हाच कळलं. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोचले आणि कारण खरं तेच सांगितलं.

शेजारपाजार स्वस्थ बसणार थोडाच. नळावर एक काकी म्हणाल्या, "शाला सोरवलीस व्हय गं? मग पोर काय नेरळच्या बाजारात मुठे इकनार काय?" मी म्हटलं, "इकंल की काकी. आदी वजन करायला तरी शिकूंदे." काकी हसल्या आणि मी बादली उचलून घरी आले.

त्यात आमच्या घरात मुठे खातात. भरपूर खातात. मुलगीही खाते, नांग्या फोडून चोखून खाते, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नाही. घोटाळा व्हायचा तो इथंच झाला. पावसाळ्यात तिला एक मादी मिळाली. तिच्या पोटाखालच्या झाकणात बारीक बारीक पिल्लं चिकटलेली होती, साबुदाण्याएवढी, पण पाय फुटलेली. पिल्लं आईला कधी सोडतात हे तिला बघायचं होतं. म्हणून मादी घमेल्यात पाणी, दगड घालून मोरीत ठेवली आणि वर जाळी झाकली. मी ऑफिसात, मुलगी दुपारी झोपलेली. संध्याकाळी मी आले तर घरभर वाटणाचा वास. शेजारच्यांनी दिलेल्या मुठ्यांबरोबर सासूबाईंनी घमेल्यातली मादीही कालवणात टाकली होती.

"मला काय म्हाईत गं?" सासूबाई रडवेल्या झाल्या होत्या. "घमेल्यात हाय म्हंजे कालवनाचीच हाय, आसंच वाटलं मला. आपल्या घरात घमेल्यात दुसरं काय आस्तं?"

त्यांचं बरोबरच होतं. जगात दुसऱ्या कुठल्या घरी हा घोटाळा झाला नसता. मुलगी तासभर कोपऱ्यात तोंड घालून बसली. मग उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "'शिजवू नका' कसं लिहायचं?" वर्षभर शाळेत तिच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती आणि ती कागदावर मुंग्या सोडल्यासारखी लिहायची. आता खडू घेऊन बसली. पहिला उकार द्यायचा की दुसरा, हे मला चार वेळा विचारलं. दुसऱ्या दिवशी मोरीच्या भिंतीवर, घमेल्यावर, दोन बादल्यांवर आणि माझ्या पाण्याच्या पिंपावर शिजवू नका, शिजवू नका, शिजवू नका. पिंपात काहीच नव्हतं. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून तिनं त्यांनाही ते दोन शब्द ओळखायला शिकवले. मला हे बाबांना सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थच नव्हता.

पण बाबा बोलत नव्हते. आमच्या माहेरी माफी मागायची पद्धत नाही. भांडण मिटवायचं असलं की बाबा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर मुठ्यांची पिशवी पाठवतात, आणि आपण कालवण करून फोनवर फक्त "झणझणीत झालं होतं" एवढं म्हणायचं. माझ्या लग्नाच्या वेळचं भांडणही असंच मिटलं. त्या पावसाळ्यात पिशवी आली नाही. मला माझा बाप हवा होता. मुलीला परत शाळेत घातलं असतं तर पिशवी दुसऱ्या दिवशी आली असती, हेही मला ठाऊक होतं. मी घातलं नाही. रोज रात्री वाटायचं घालावं, आणि रोज सकाळी ती टेप शोधायला लागली की वाटायचं नाही, नाहीच.

मग शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला दोन शिक्षिका दारात आल्या. त्यांतली एक बाबांची विद्यार्थिनी निघाली. "सरांची नात? शाळाबाह्य?" असं म्हणून ती पेन हातात धरून नुसती उभी राहिली. मी म्हटलं, "लिहा. आहे ते लिहा." त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला, कित्येक आठवड्यांनी.

"रविवारी विहारात गुणगौरव आहे," ते म्हणाले. "तू ये. तिला आणू नकोस."

"का?"

"चारचौघांत तिला कितवीत म्हणून विचारतील. पोर काय सांगेल? मला ते बघवणार नाही."

फोन ठेवल्यावर मी ठरवून टाकलं की तिला न्यायचं. तिला लपवायचं म्हणजे आम्ही काहीतरी चोरून करतोय असं मान्य करायचं, आणि ते मी करणार नव्हते.

आमच्या माहेरच्या वस्तीत गुणगौरव म्हणजे टक्क्यांचा कार्यक्रम नाही. शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला बोलावतात. त्यानं पुढे यायचं, तसबिरींना वाकून नमस्कार करायचा, लोकांकडे तोंड करून आपलं नाव आणि यंदाची इयत्ता मोठ्यानं सांगायची आणि वही घ्यायची. बाबा वर्षानुवर्षं हे चालवतात. हातात कागद नसतो, पोरं तोंडपाठ असतात. कुणी पुटपुटलं की म्हणतात, "मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही." आणि परत म्हणायला लावतात.

त्या रविवारी पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि सतरंजीवर आम्ही दोघी मागे बसलो होतो. बाबांनी आम्हाला बघितलं. पहिलीची मुलं झाली. दुसरीची सुरू झाली तेव्हा मुलीनं माझ्या कानात विचारलं, "मी दुसरीत नाही ना?"

"नाही."

"मग कितवीत?"

"कितवीतच नाही."

"बरं," म्हणाली आणि मांडी घालून नीट बसली. दहावी झाली, बारावी झाली, नर्सिंगची एक मुलगी झाली. चहाची भांडी वाजायला लागली. मी उभी राहिले.

"बाबा, एक राहिली."

सगळ्यांनी माना वळवल्या. बाबांनी माइक तोंडापासून बाजूला केला. त्यांनी नाव पुकारलं नाही. मुलगी मात्र तोवर उठून चालायला लागली होती. पुढे गेली, वाकून नमस्कार केला, वळली आणि नाव सांगितलं. मग म्हणाली, "इयत्ता नाही. मी घरी शिकते. मुठे शिकते."

लोक हसले. मागून एकानं विचारलं, "कालवान कराया शिकतेस काय गं?"

"नाही, ते आजीला येतं," ती म्हणाली. लोक आणखी हसले. ती हसणं संपायची वाट बघत उभी राहिली.

बाबा हसले नव्हते. त्यांनी माइक तिच्या तोंडाशी धरला. "मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तिनं परत सांगितलं, नाव आणि इयत्ता नाही, मोठ्यानं. आता कुणी हसलं नाही. बाबांनी तिच्या हातात वही दिली, इतरांना दिली तशीच, आणि डोक्यावर हात ठेवला.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. "मला तुझं पटलंय म्हणून वही दिली असं नाही," म्हणाले. "तू तिला बाहेर ठेवलंयस. माझ्या हातानं मी कुणालाच बाहेर ठेवणार नाही."

मला रडू आलं. मी डोळे पुसलेही नाहीत. म्हटलं, "बाबा, तुमचं दुखणं मला कळतं. तरी मी तिला परत घालणार नाही."

बाबांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला.

"मग नीट शिकव," ते म्हणाले आणि सतरंज्या गोळा करायला गेले.