पानउतारा

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक लोणची मुरवत ठेवतात, मी राग ठेवते. चाळिशी उलटल्यावर चार आठवडे चीनला जाऊन चिनी शिकायचं मी ठरवलं, ते भाषेच्या ओढीने नव्हे. एका माणसाने माझा पाणउतारा केला होता, आणि तो मला त्याच्याच भाषेत परत करायचा होता.

तो माणूस आमच्याच कंपनीतला. विरारजवळ गोखिवऱ्याच्या आमच्या गाळ्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं तयार होतात. मशिनं चीनमधून आलेली आहेत, आणि वर्षातून एकदा मशीनवाल्यांचा एक वयस्कर पाहुणा ती तपासायला येतो. त्याचं बोलणं शेठना मराठीत सांगायला आमचे हे सर. सहा महिने बीजिंगला राहून आलेले, तेव्हापासून नाकाने कांदे सोलतात. शुद्ध चायनीज फक्त बीजिंगचं, हे वाक्य त्यांनी ऑफिसात कुणाला ऐकवलं नसेल असं नाही.

मी डिस्पॅच बघते. त्या दिवशी चहापाण्याच्या मावशी आल्या नव्हत्या, म्हणून ट्रे घेऊन मीच केबिनमध्ये गेले आणि विचारलं, "सर, पानी घेणार?"

माझं माहेर खाडीकाठचं, मिठागरात राबलेल्या माणसांचं. आमच्या घरात ण कधी आलाच नाही. कोन, लोनी, पानी. लिहिताना मी चुकत नाही, पण घाईत तोंडातून घरचंच निघतं. सर शेठकडे बघून हसले, "पानी!" म्हणाले, आणि पाहुण्याकडे वळून चिनीत काहीतरी बोलले. पाहुणा माझ्याकडे बघून हसला. त्याने ग्लास उचलला आणि तोही काहीतरी बोलला.

"काय म्हणतात?" शेठनी विचारलं.

"पाणी मस्त गार आहे म्हणतात," सर म्हणाले.

मी बाहेर आले आणि दोन्ही वाक्यं ऐकली तशी डिस्पॅचच्या वहीत मागच्या पानावर उतरवली. ह्या कामात माझा कान तयार आहे. ट्रान्सपोर्टवाले फोनवर कुठल्या कुठल्या गावांची नावं सांगतात, मी ती जन्मात ऐकलेली नसतात, तरी माल बरोबर पोचतो. सरांचं वाक्य होतं, था ल्येन श्वेइ तोउ श्वो पु छिंगछु. पाहुण्याचं होतं, वो ये स्वो पु छिंगछु. शेपूट दोन्हींचं सारखं. म्हणजे दोघं मिळून माझीच टर उडवत होते. त्या दिवसापासून पाहुणाही माझ्या यादीत गेला.

फोनवरच्या भाषांतराला मी ती वाक्यं वाचून दाखवली. एकदा त्याने 'तिच्या घरी बर्फ आहे' असं सांगितलं आणि एकदा काहीच सांगितलं नाही. ऑफिसात दुसरं चिनी येणारं कोणी नव्हतं, आणि सरांना विचारण्यापेक्षा मी जीभ चावली असती. मग मी शेठकडे बिनपगारी रजा मागितली. "पाहुणे यायच्या आधी परत या," ते म्हणाले, "आणि जागा ठरली की अर्ज द्या." मला तेवढंच हवं होतं. पुढच्या खेपेला त्या केबिनमधलं एकही वाक्य माझ्या डोक्यावरून जाता कामा नये.

"चायनीज शिकायला चीनला कशाला?" नवरा म्हणाला. "विरार स्टेशनबाहेरचा गाडीवाला शिकवेल. वर शेजवान चटणी फुकट." त्या आठवड्यात मी त्याच्या डब्यात रोज दुधी दिला.

पण सगळ्यात जास्त राग मला माझाच येत होता. त्या दिवसापासून मी चंदनसारच्या घरापासून गाळ्यापर्यंत रिक्षात तोंडातल्या तोंडात घोकत असायचे, पाणी, पाणी, कोण, कोण. एकदा आईला फोन केला आणि बोलता बोलता तोंडातून 'पाणी' निघालं. पलीकडून ती म्हणाली, "कोन बोलते?" माझी आई, आणि तिने माझा आवाज ओळखला नाही. हाही हिशेब मी सरांच्याच नावावर टाकला.

शाळा निवडताना लोक वसतिगृह बघतात, हवा बघतात. मी एकच गोष्ट बघत होते. बहुतेक शाळा व्हिडिओवर अर्ध्या तासाचा फुकट वर्ग देतात, आणि त्या वर्गात मी वहीचं मागचं पान काढून बसायचे. कोण मला खरं सांगतं ते बघायला.

बीजिंगच्या शाळेतल्या मॅडमनी ती वाक्यं बाजूलाच ठेवली. आधी नमस्कार शिका, वाक्यं तिसऱ्या आठवड्यात, म्हणाल्या. तसंही सरांच्या पावलावर पाऊल टाकायची मला हौस नव्हती. मग कुठेतरी वाचलं की उत्तरेतल्या हार्बिनचे उच्चार बीजिंगपेक्षाही शुद्ध मानतात. मला अक्षरशः गुदगुल्या झाल्या. हार्बिनला शिकायचं, परत यायचं, आणि भर केबिनमध्ये सरांच्या बीजिंगच्या चुका काढायच्या. मी त्या शाळेचा फॉर्म अर्धा भरूनसुद्धा टाकला.

हार्बिनचा मास्तर तरुण होता, चटपटीत. मी चिनीतले सुरांचे चढउतार नुसते अंदाजाने म्हणत होते, तरी त्याने सरांचं वाक्य लगेच ओळखलं आणि इंग्रजीत अर्थ सांगितला. हिला पाणीसुद्धा नीट म्हणता येत नाही. मला वाटलंच होतं, तरी ऐकल्यावर कानशिलं तापली. पाहुण्याच्या वाक्याला मात्र त्याने पडद्यावर लाल फुली मारली. स्वो नाही, श्वो. मी म्हटलं, मी ऐकलं तेच लिहिलंय. तो म्हणाला, मग तुम्ही चुकीचं ऐकलंत. एवढ्यात अर्धा तास संपला.

माझ्या तोंडात ण नसेल, पण माझ्या कानात श आणि स वेगळे आहेत. चुकीचं ऐकलं म्हणे! मला चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी गाळ्यातल्या मोठ्या मशीनपाशी गेले, त्याच्यावरच्या पत्र्याच्या पट्टीवरचं मशीनवाल्यांच्या गावाचं नाव वाचलं आणि त्याच गावची शाळा शोधून काढली. निंगबो. समुद्राकाठचं शहर, चीनच्या पूर्वेला.

तिथल्या बाईंचे केस पिकलेले होते आणि टेबलावर गरम पाण्याचा थर्मास होता. त्यांनी पाहुण्याचं वाक्य ऐकलं आणि तोंडावर हात ठेवून हसल्या.

"हा आमच्याकडचा माणूस," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमची जुनी माणसं श म्हणतच नाहीत. पाण्याला श्वेइ म्हणायचं, तर आम्ही स्वेइ म्हणतो. वर्गात मी शुद्ध शिकवते. घरी गेले की स्वेइ."

"पण तो म्हणाला काय?"

"म्हणाला, मलाही नीट म्हणता येत नाही."

त्या म्हाताऱ्याने ग्लास हातात घेऊन, सगळ्यांसमोर, माझी बाजू घेतली होती. आणि मी आठ महिने त्याच्या नावाने बोटं मोडत होते. मला त्याची फार लाज वाटली. पण लाजेच्या दुप्पट आनंद झाला, कारण पाणी गार आहे असं कोणीच म्हटलं नव्हतं.

"इथलं जेवण खारट असतं," बाई म्हणाल्या. "चालेल ना?"

मी म्हटलं, माझे आजोबा मिठागरात होते. हार्बिनचा अर्धा फॉर्म मी तिथल्या तिथे पुसला.

रजेचा अर्ज घेऊन मी केबिनमध्ये गेले, तेव्हा सर शेठसमोर बसलेलेच होते. मी मुद्दाम तीच वेळ निवडली होती. सरांनी मान तिरकी करून अर्ज वाचला.

"निंगबो? तिथे भाषा शिकायला कोण जातं? तिथल्या लोकांना धड श म्हणता येत नाही. बीजिंगला जा ताई, मी ओळख काढून देतो."

"हो ना सर," मी म्हटलं. "आपले पाहुणेसुद्धा स्वेइच म्हणतात. वो ये स्वो पु छिंगछु." स चांगला ठासून म्हटला.

सरांच्या हातातलं पेन थांबलं.

"म्हणजे काय?" शेठनी विचारलं. ते सरांकडे बघत होते, सवयीने. सर अर्ज उलटून मागची बाजू बघू लागले.

"मी सांगते शेठ," मी म्हटलं. "मागच्या खेपेला सर पाहुण्यांना म्हणाले होते, हिला पाणीसुद्धा नीट म्हणता येत नाही. त्यावर पाहुणे म्हणाले, मलाही येत नाही. तुम्हाला सांगितलं गेलं, पाणी गार आहे."

शेठनी अर्ज ओढून घेतला आणि त्यावर सही केली. "पाहुणे आले की तुम्हीही आत बसा," मला म्हणाले, "खुर्ची घेऊन."

सर घसा खाकरत होते. कोरडा पडला असणार. मावशी त्या दिवशी कामावर होत्या, तरी मीच बाहेर गेले, ग्लास भरला आणि सरांच्या पुढ्यात धरला.

"सर, पानी."

त्यांनी मुकाट्याने घेतला. शेवटचा घोट संपेपर्यंत मी समोर उभी राहून त्यांना ते पाजलं.